वीकनेस असेल रे, झोप काढ!

मंडळी, या कॉलमात आपण आजवर काय काय बोललोय! कुठल्या कॅफेतल्या कोल्ड कॉफीत खरंच कॉफी असते, फ्रीलान्सरचं पेमेंट वेळेवर यावं म्हणून कुठल्या देवाला नवस बोलावा, पावसाळी ट्रेकला चपला घालून येणाऱ्या पब्लिकचं करायचं काय, वगैरे वगैरे. या वेळी विषय जरा हटके आहे. एडिटरला फोन करून सांगितलं, ''या आठवड्यात व्हायरलवर लिहिते.'' तो खूश. ''मस्त! कुठला व्हिडिओ?'' म्हटलं, ''व्हिडिओ नाही रे, ताप!'' पलीकडे तीन सेकंद शांतता. गुळगुळीत कागदावर, परफ्यूमच्या जाहिरातीशेजारी ताप छापायचा म्हणजे काय झालं असेल बिचाऱ्याचं!

पण जुलै आहे, यार. ऑफिसात एक जण शिंकला की आठवड्यात अख्खी टीम टिश्यूचा डबा घेऊन बसते. आपण सगळे एकच डायलॉग मारतो, ''काही नाही, व्हायरल आहे.'' ताप उतरला की दुसरा, ''जरा वीकनेस आहे, बाकी ओके.'' या दुसऱ्या डायलॉगवर माझा फार राग आहे. कारण गेल्या जुलैत तो मी स्वतः मारला होता, माझ्या सख्ख्या भावाला.

तो शनिवार

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तेव्हा ३६ चा होता. हिंजवडीत आयटीवाला, वर्षातले दहा महिने कंपनीचा आणि उरलेले दोन महिने ढोलपथकाचा. जुलै लागला की नदीपात्रात प्रॅक्टिस सुरू होते आणि आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बोटं वाजायला लागतात. वरणाच्या वाटीत लाटा येतात. वहिनी ओरडते. दादा वाजवतच राहतो.

त्या रविवारी प्रॅक्टिसला साहेब भिजून आले. सोमवारी कणकण, मंगळवारी १०२ ताप, अंग ठेचल्यासारखं, खोकला. रजा? छे! गादीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगा चालू. गुरुवारी ताप उतरला. शुक्रवारी तर पठ्ठ्याने रात्री अकरापर्यंत काम केलं.

शनिवारी घरी आम्ही दोघंच. वहिनी पिल्लाला घेऊन माहेरी सांगलीला, आई गावी. साडेआठला तो उठला, माझ्याशी नीट बोलला, पेपर चाळला. नऊच्या सुमारास चहाचा कप त्याच्या हातातून निसटला आणि फुटला. तो कपाकडे बघत नव्हता, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. ''अगं, हाताला मुंग्या आल्यासारखं होतंय. पकडच येत नाहीये.''

आणि मी, मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली, आरोग्याच्या पुरवणीत चार लेख छापून आलेली, जगाला शहाणपण शिकवणारी मी म्हणाले, ''वीकनेस असेल रे, झोप काढ!''

तो आज्ञाधारकपणे झोपला. मी काचा उचलल्या, फरशी पुसली आणि कामाला बसले. त्या दिवशीची डेडलाइन होती 'पावसाळ्यासाठी दहा स्मार्ट बॅगा'. बॅगा लिहून झाल्या, लेख मेल केला, मॅगी केली. सव्वाच्या सुमारास दादाने आतून हाक मारली. त्याला वरण-भात हवा होता, पण 'वरण' हा शब्द त्याच्या तोंडून नीट बाहेर पडेना. मी दारात उभी. तो हसायला गेला आणि चेहऱ्याची फक्त डावी बाजू हसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. शेजारच्या काकांची गाडी, वाटेतला प्रत्येक लाल सिग्नल, कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात झालेले सव्वादोन. न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ''तुम्ही यांना अगदी ठणठणीत असं शेवटचं कधी पाहिलंत?'' मी म्हटलं, ''नऊच्या आधी. सकाळी.'' त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. मला वाटलं, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निदान झालं पक्षाघाताचं, म्हणजेच स्ट्रोकचं. मेंदूच्या डाव्या भागात, आत खोलवर जाणारी एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. बीपी १९० बाय ११०. नंतर घरी कळलं, जानेवारीत कंपनीच्या चेकअपमध्येच ते १५२ बाय ९८ आलं होतं. रिपोर्टची पीडीएफ मेलबॉक्समध्ये पडून होती, न उघडलेली. नाकातला स्वॅब तपासला, तो इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह.

मी मॅडमना विचारलं, ''म्हणजे फ्लूचा याच्याशी काही संबंध नसेल ना?'' मला 'नाही' ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, ''असू शकतो. निवांत सांगेन. आधी बीपी बघू दे.''

लक्ष्मी रोडची नाकाबंदी

तर मंडळी, मी विचारत सुटले. आमच्या धंद्याची खोडच आहे ती. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

पक्षाघात दोन प्रकारचा. एकात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. दुसऱ्यात ती गुठळीने बंद होते, आणि बहुतेक रुग्ण या दुसऱ्या गटातले. आता गुठळी आणि व्हायरस यांचा काय झोल आहे, ते बघा.

विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोड डोळ्यांपुढे आणा. गर्दी पसरू नये म्हणून पोलीस गल्लीबोळांच्या तोंडाशी बॅरिकेड लावतात. हेतू चांगलाच. पण त्या दिवशी एखाद्याला खरंच दवाखाना गाठायचा असेल तर? तोही अडकतो. आपल्या शरीराचं अगदी असंच आहे. व्हायरस घुसला की रोगप्रतिकारक पेशी रासायनिक मेसेज फॉरवर्ड करायला लागतात. त्यातला एक इंटरल्यूकिन-६. तो यकृताला कळला की यकृत दोन गोष्टींचं उत्पादन वाढवतं. एक सीआरपी, जी तुम्ही ब्लड रिपोर्टमध्ये पाहिली असेल. दुसरं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीच्या जाळ्याचा कच्चा माल. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी नॉनस्टिक तव्यासारखं असतं, काही चिकटू न देणारं. या धामधुमीत तेही चिकट होतं. प्लेटलेट्स अलर्ट मोडवर जातात. काही पांढऱ्या पेशी तर स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्यात जंतू अडकावेत म्हणून. त्यात प्लेटलेट्सही अडकतात.

या सगळ्या गडबडीला डॉक्टर लोक इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत दाह. घसा लाल होऊन सुजतो तो दाह आपल्याला दिसतो. रक्तवाहिनीच्या आतला दिसत नाही, एवढाच फरक. आणि हा काही शरीराचा वेडेपणा नाही बरं का. जंतू अंगभर पसरू नयेत म्हणून त्यांना छोट्या छोट्या गुठळ्यांत कोंडायचं, हा फार जुना आणि कामाचा फंडा आहे.

गडबड होते ती रस्ता आधीच अरुंद असेल तर. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, सिगारेट, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांनी रक्तवाहिनीच्या भिंती जाड आणि खडबडीत झालेल्या असतात, कुठेकुठे चरबीचा थर साचलेला असतो. दाहामुळे त्या थरावरचं टोपण कमकुवत होऊन तडकू शकतं. तिथे गुठळी जमली की खेळ खल्लास. भर म्हणून तापात आपण पाणी कमी पितो, हृदय जोरात धावतं, काहींच्या ठोक्यांचा तालच चुकतो. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. ताल चुकलेल्या हृदयात रक्त साकळतं आणि तिथली गुठळी सुटून थेट मेंदूत जाऊ शकते. ताल चुकला की काय होतं, हे ढोलवाल्याच्या घरी वेगळं सांगावं लागत नाही.

आजीची नागीण

हे सगळं नुसतं थिअरी नाही. २००४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पद्धत सॉलिड होती. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, त्याची त्याच्याशीच करायची. श्वसनाच्या संसर्गानंतरचे दिवस एकीकडे आणि त्याच माणसाचे एरवीचे दिवस दुसरीकडे. दिसलं असं, की संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट आणि हार्ट अटॅकचा जवळजवळ पाचपट होता. मग तो हळूहळू उतरत गेला, काही आठवड्यांत. त्याच अभ्यासात फ्लूच्या लशीनंतर मात्र असा धोका वाढलेला दिसला नाही. फॅमिली ग्रुपवर लशीविरुद्ध फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना हे जरूर कळवा.

कांजिण्यांचा व्हायरस तर एकदम छुपा रुस्तम. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो आपल्या मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी किंवा ताकद कमी झाली की नागीण बनून बाहेर येतो. माझी आजी सांगायची, नागिणीने कमरेला वेढा घातला आणि तोंडाला शेपूट भिडली की माणूस गेला. वेढ्याची गोष्ट काही खरी नाही. पण आजीची धास्ती अगदीच वाया जाणारी नव्हती. २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात नागिणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत पक्षाघाताचा धोका साधारण ६० टक्क्यांनी वाढलेला दिसला. नागीण डोळ्याच्या भागात झाली असेल तर पुढच्या काही आठवड्यांत तो तिपटीच्याही वर. ज्यांनी व्हायरसवरचं औषध घेतलं होतं, त्यांच्यात धोका कमी होता. हा व्हायरस मज्जातंतूंवरून प्रवास करत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीपर्यंत पोचू शकतो, म्हणून त्याची जास्त भानगड. २०१३ मध्ये लहान मुलांच्या बाबतीतही दिसलं होतं, की कांजिण्यांनंतर सहा महिने पक्षाघाताचा धोका चौपट असतो. अर्थात मुलांत मुळात तो फारच दुर्मीळ.

आणि कोविड! एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळे पन्नाशीच्या आतले, सगळ्यात लहान ३३ वर्षांचा, सगळ्यांना कोविड आणि मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद. तेही दोन आठवड्यांत. त्यातल्या दोघांनी साथीच्या काळात हॉस्पिटलची भीती वाटली म्हणून ॲम्ब्युलन्स बोलवायला उशीर केला होता. त्याच वर्षी तिथल्या दोन हॉस्पिटलांनी तुलना मांडली. कोविड घेऊन आलेल्यांत १.६ टक्के जणांना पक्षाघात झाला होता, तर आधीच्या वर्षांतल्या फ्लूच्या रुग्णांत ०.२ टक्के. पुढे २०२१ मध्ये स्वीडनने ८६ हजारांहून जास्त कोविड रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या आठवड्यात धोका तिप्पट ते सहापट. आपल्या ओळखीच्या डेंग्यूचाही नंबर यात आहे. तैवानमधल्या २०१८ च्या अभ्यासात डेंग्यूनंतरचे पहिले दोन महिने जास्त धोक्याचे निघाले.

मला यात आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटतं. पुणेकरांना व्हायरस काय नवीन नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा मी शाळेत होते. शाळा बंद, तोंडाला रुमाल, गल्लीत शुकशुकाट. त्यानंतर कोविड. पण फ्लू म्हटलं की आपल्याला फुप्फुस आठवतं. मेंदू कुणाला आठवतच नाही. मलाही नाही आठवला.

तिप्पट म्हणजे नक्की किती?

आता प्लीज, वाचता वाचता थर्मामीटर शोधू नका. 'तिप्पट' हा शब्द भारी डेंजर आहे, आम्ही पत्रकार तो हेडिंगमध्ये टाकायला टपलेलेच असतो. समजा, एखाद्या वयोगटात दर आठवड्याला लाखातल्या एकाला पक्षाघात होतो. तिप्पट म्हणजे लाखात तीन. उरलेले ९९,९९७ जण ताप येऊन जातो आणि चहा-बिस्किट खात बसतात. तुम्ही आम्ही बहुतेक त्यांच्यातले.

मॅडम म्हणाल्या ते मला पटलं. ''एका माणसाच्या बाबतीत, फ्लूमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. तुमच्या भावाचं बीपी म्हणजे साठलेला पालापाचोळा. फ्लूने काडी लावली असेल. पण पालापाचोळा नसता तर काडी विझूनही गेली असती.''

दाह खरंच गुन्हेगार आहे की नुसता घटनास्थळी सापडलेला साक्षीदार, हा वाद शास्त्रज्ञांत बरीच वर्षं रंगला. २०१७ मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले दहा हजार रुग्ण, सगळ्यांची सीआरपी वाढलेली. त्यांतल्या काहींना फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं, जे कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. तरीही हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण साधारण १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे गुन्ह्यात हात आहे. पण त्याच इंजेक्शनवाल्यांमध्ये जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. पोलीसच हटवले तर चोरांचं फावणारच ना! त्यामुळे 'दाह कमी करा' म्हणत कुणी काढा, पावडर किंवा डिटॉक्स विकायला आला तर त्याला हा किस्सा ऐकवा.

चार गोष्टी, ज्या आपल्या हातात आहेत

पहिली, बीपी मोजा. हो, तुम्हीच, वय वर्षं २८. कंपनी फुकटात चेकअप करते, तो रिपोर्ट उघडायचे कष्ट घ्या. २०१० मध्ये भारतासह २२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांत मावला होता, आणि त्यात वरचा नंबर बीपीचा. सिगारेटचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहेच.

दुसरी, लस. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात चाळीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहून २०२२ मध्ये असं मांडलं गेलं, की फ्लूची लस घेतल्यानंतरच्या सहा महिन्यांत पक्षाघाताचं प्रमाण साधारण एक पंचमांशाने कमी होतं. लस घेणारे लोक एरवीही तब्येतीला जपतात, हे त्यात गृहीत धरायला हवं. तरी आई-बाबांना बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना फ्लूच्या लशीबद्दल विचाराच. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लसही आपल्याकडे मिळते.

तिसरी, आजारपण आजारपणासारखं घ्या. पाणी प्या, झोपा, लॅपटॉप मिटा. बीपीच्या गोळ्या तापात मनानेच बंद करू नका. नाक मोकळं करणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि तापात मनाने घेतलेल्या काही पेनकिलरनी धोका वाढल्याचं दिसलंय. म्हणून मेडिकलवाल्याला ''काहीतरी स्ट्राँग द्या'' म्हणू नका, डॉक्टरांना विचारा. उरलेल्या अँटिबायोटिकचा व्हायरसला ढिम्म फरक पडत नाही. आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांच्या वाटेला अजिबात जायचं नाही, रक्तस्राव होऊ शकतो.

चौथी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी. तापानंतरचा अशक्तपणा आणि पक्षाघाताचा वीकनेस यांतला फरक. व्हायरलचा अशक्तपणा अख्ख्या अंगाला असतो, दोन्ही हात सारखेच गळालेले वाटतात. पक्षाघाताचा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि अचानक येतो. दादाचा डावा हात ठणठणीत होता. मी फक्त एवढंच विचारायला हवं होतं, ''दुसऱ्या हाताने कप उचल बघू.''

साडेचार तासांचं गणित

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. त्रास सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून बारीक नळी घालून गुठळी खेचून काढतात. निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करता येतं. दादाची वाहिनी बारीक, त्यामुळे नळीचा मार्ग नव्हता. आणि इंजेक्शनसाठी आम्ही पोचलो सव्वापाच तासांनी. नऊ ते सव्वा, तेवढा वेळ तो माझ्या सांगण्यावरून झोपला होता.

मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असं वाचलं. दादाला ते गणित तसंच्या तसं लागू नाही, हे मॅडमनी मला बजावलं होतं. तरी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोन वाजता मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ते केलंच. २५५ मिनिटं गुणिले १९ लाख. आकडा स्क्रीनवर आला आणि मी फोन उलटा ठेवला.

आठवड्याने, जरा बोलायला लागल्यावर, दादाला हे सगळं रडत रडत सांगितलं. तो म्हणाला, ''अगं, मला पण वीकनेसच वाटला. तू झोप म्हणाली नसतीस तर मी लॅपटॉप उघडला असता.'' हे त्याने तीन प्रयत्नांत म्हटलं. 'लॅपटॉप'वर दोनदा अडकला.

तर कात्रण कापून फ्रिजवर लावा, अशी आमची लाडकी चौकट:

चेहरा: हसायला सांगा. एक बाजू खाली ओघळली आहे का?

हात: दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली घसरतोय का?

बोलणं: एक साधं वाक्य म्हणायला सांगा. बोबडं किंवा असंबद्ध येतंय का?

वेळ: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन. माणूस शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. चोवीस तास सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार असलेलं हॉस्पिटल गाठा. अचानक तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं, आजवर कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखणं, हेही याच यादीत. घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, पाणी पाजायचं नाही, झोपवायचं तर मुळीच नाही. पाच मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जायचंच, ती पुढच्या मोठ्या झटक्याची आगाऊ नोटीस असू शकते.

आणि परवा

दादा आता चालतो, बोलतो, ऑफिसला जातो, बीपीची गोळी सकाळी आठच्या ठोक्याला घेतो. हात मात्र अजून पूर्ण आला नाही. शर्टाची वरची दोन बटणं वहिनी लावून देते. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दिलेला स्माइलीचा बॉल टीव्ही बघताना दाबत असतो. परवाच्या रविवारी तो वर्षभरानंतर पहिल्यांदा नदीपात्रात प्रॅक्टिसला गेला. मीही गेले, उगाच. पथकातल्या पोरांनी काही न बोलता त्याच्या कमरेला ढोल बांधला. दादाने टिपरू उजव्या हातात घेतलं आणि सुतळीने मनगटाला बांधून टाकलं. तीन-चार मिनिटं जमलं. मग टिपरू बोटांतून सुटून नुसतं लोंबकळायला लागलं. त्याने ढोल सोडला, झेंडा धरला आणि उरलेली प्रॅक्टिस झेंड्यापाशी उभा राहून काढली. घरी येताना म्हणाला, ''पुढच्या रविवारी पाच मिनिटं.''

सध्या आजारी मी आहे. गेले तीन दिवस व्हायरल. हा कॉलम गादीवर बसून लिहितेय, जे करू नका असं वर सांगितलंय तेच. दर दोन तासांनी दादा दारात येतो आणि फर्मान सोडतो, ''हस. हात वर कर. दोन्ही. आता म्हण, वरण-भात-तूप-लिंबू.'' मी म्हणते. तो नीट ऐकतो आणि जातो. काल कंटाळून म्हटलं, ''अरे, जरा वीकनेस आहे फक्त!''

तो मागे फिरला. ''कुठल्या हाताला?''

चला, लॅपटॉप मिटते. आईला फोन करून बीपी मोजलं का विचारा. पुढच्या आठवड्यात भेटूच, तोवर टेक केअर!